जुन्या धर्तीची रीइश्यू अकूस्टिक गिटार: नागपूरच्या हवेत कोणती घ्यावी, दुकानात काय तपासावं?

धरमपेठ_सहातार
नमस्कार मंडळी. जुन्या धर्तीची रीइश्यू (जुन्या मॉडेलची नव्याने काढलेली आवृत्ती) अकूस्टिक घ्यायची आहे. बजेट 80 हजार ते सव्वा लाख. यादीत सध्या तीन आहेत: एपिफोनची 'इन्स्पायर्ड बाय गिब्सन' जे-45, यामाहाची रेड लेबल एफजी3 आणि एक सेकंडहँड ओएम, म्हणजे ऑर्केस्ट्रा मॉडेल (पूर्ण सॉलिड लाकूड, पाठ आणि कडा म्हणजे बॅक-साइड शिसवी, तारा टेकतात ती ब्रिजवरची पट्टी म्हणजे सॅडल लांब, थ्रू प्रकारचं). वाजवणं मुख्यतः बोटांनी, कधी गाण्याला साथ. घरी मार्चपासून पाऊस लागेपर्यंत कूलर असतो, एसी एकाच खोलीत. 'व्हिंटेज' म्हणून जे जे विकलं जातं त्यातलं आवाजाच्या कामाचं काय, आणि नागपुरात त्रास देणारं काय? दुकानात काय मोजायचं तेही सांगा.

सरस_आणि_शिसव
भाऊ, 'व्हिंटेज' या एका शब्दाखाली पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. त्या सुट्या करून पाहा.

आवाजावर सगळ्यात जास्त परिणाम ब्रेसिंगचा, म्हणजे टॉपला (पुढच्या पाटीला) आतून आधार देणाऱ्या पट्ट्यांचा. अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने 1944 पर्यंत टॉपखालचे ब्रेस मधल्या भागात कोरून पातळ ठेवले होते, त्यालाच स्कॅलप्ड म्हणतात. जाड तारांमुळे टॉप वर यायला लागले, दुरुस्त्या वाढल्या, म्हणून ते कोरणं बंद झालं. 1976 मध्ये त्यांची एचडी-28 ही गिटार आली तेव्हा तेच ब्रेसिंग परत आणलं. अशा टॉपचा खर्ज मोकळा येतो, हलक्या बोटालाही गिटार बोलते. पण टॉप जितका हलका तितका हवेतल्या ओलाव्याने जास्त हलतो. आपल्याकडे हाच मुद्दा कळीचा.

दुसरं, भाजलेलं लाकूड, म्हणजे टॉरिफाइड टॉप. कमी ऑक्सिजनमध्ये तापवून लाकडातली राळ आणि ओलावा काढतात. असा टॉप ओलावा कमी शोषतो, म्हणून नागपूरसाठी फायद्याचा. मात्र तो ठिसूळ असतो, ठोकर लागली की दबत नाही, चिरतो.

तिसरं, सरस. महागड्या हुबेहूब रीइश्यूंमध्ये जोडणी जनावरी सरसाची असते. सांधा कडक होतो आणि पुढे दुरुस्तीला सोडवताही येतो. पण उष्णता आणि ओल एकत्र आली की सरस मऊ पडतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत गिटार ठेवणं म्हणजे ब्रिज स्वतःहून उचकटणं. साध्या पांढऱ्या ग्लूचीही तिथे धडगत नसते.

चौथं नायट्रो फिनिश (नायट्रोसेल्युलोज लॅकर), पाचवं अरुंद फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आणि उघड्या गिअरच्या खुंट्या. त्यावर इतर लोक लिहितीलच. हेडस्टॉकवरचा जुना लोगो आणि पिवळट बाइंडिंग (कडेची पट्टी) यांचा आवाजाशी काही संबंध नाही, त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

आणि 'जुनं होतं तसंच' हे दरवेळी चांगलंच असतं असं नाही. यामाहाची मूळ एफजी180 रेड लेबल 1966 ची, तिचा टॉप प्लायचा होता. 2019 मध्ये आलेल्या नव्या रेड लेबलमध्ये टॉप, बॅक, साइड सगळं सॉलिड आहे. म्हणजे ती नावाने रीइश्यू, बांधणीने वेगळीच गिटार. आवाजात नवी उजवी, पण हवेच्या बाबतीत जुनी प्लायवाली निर्धास्त होती.

वाळ्याची_ताटी
कूलरबद्दल लिहितो, कारण बाहेरच्या कुठल्याही माहितीत हे सापडत नाही.

सॉलिड लाकडाला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. नवतपात (मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत) दुपारी बाहेरची हवा 20 टक्क्यांच्याही खाली जाते. कूलर चालू असलेल्या खोलीत तीच 60-70 पर्यंत चढते. लाइट गेली किंवा रात्री कूलर बंद केला की काही तासांत परत खाली. लाकडाला कोरडेपणा एक वेळ सोसतो, हा रोजचा चढ-उतार सोसत नाही. टॉप फुगतो-बसतो, फुगतो-बसतो, आणि शेवटी ब्रिजमागे किंवा फिंगरबोर्डच्या कडेला चीर जाते.

म्हणून गिटार कूलरच्या खोलीत भिंतीला टांगून ठेवू नका. कूलरच्या झोतात तर नकोच, त्या हवेत पाण्याचे बारीक थेंब असतात आणि बोअरचं पाणी असेल तर क्षार तारांवर, फ्रेटवर बसतात. वाजवून झालं की हार्डकेसमध्ये, केस बंद. केस घराच्या आतल्या भिंतीजवळ, जमिनीपासून थोडी वर. पश्चिमेची भिंत आणि स्लॅबखालचा माळा या दोन जागा कटाक्षाने टाळा.

केसमध्ये दोन बाजूंनी काम करणारी (ओलावा देणारी आणि शोषणारी) 49 टक्क्यांची पाकिटं ठेवा, दोन साउंडहोलमध्ये तारांवर अडकवून आणि एक हेडस्टॉकखाली. पाकीट हाताला कडक लागलं की संपलं. एप्रिल-मेमध्ये ती लवकर संपतात, जास्तीची आणून ठेवा.

डिजिटल हायग्रोमीटर घ्या, पण आधी तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर पाण्याचे थेंब, ओल्या वाळूइतकंच, मीठ विरघळायला नको. झाकण आणि मीटर झिपच्या पिशवीत बंद करून 8 ते 10 तास ठेवा. आकडा 75 यायला हवा. 70 दाखवला तर तुमचा मीटर 5 कमी दाखवतो, तेवढे मिळवून वाचा. स्वस्त मीटरमध्ये एवढी चूक सर्रास असते.

बर्डीचा_फ्रेटवाला
आता दुकानातलं. सोबत चार वस्तू न्या: अर्धा मिमीच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती, ऑटो स्पेअरच्या दुकानात मिळते), टॉर्च आणि छोटा आरसा. लांब सरळपट्टी असेल तर सोन्याहून पिवळं.

आधी गिटार पूर्ण सुरात आणा, ए स्वर 440 हर्ट्झला, आणि पंधरा मिनिटं तशीच राहू द्या. अनेक ठिकाणी गिटार अर्धा-एक सूर उतरवून टांगलेली असते. त्या स्थितीत अॅक्शन (फ्रेटपासून तारेची उंची) कमी दिसते आणि घरी येऊन चढवली की वाढते.

मग रिलीफ, म्हणजे मानेचा हलका बाक. पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), सहावी तार चौदाव्या फ्रेटला दाबा, सातव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेट यांच्यात फिलर गेज घाला. 0.10 ते 0.25 मिमी ठीक. 0.40 च्या पुढे असेल तर ट्रस रॉड (मानेतला बाक कमी-जास्त करणारा दांडा) थोडा फिरवून पाहायला सांगा. रॉड फिरतो की अडकलाय ते तिथेच कळलं पाहिजे. अगदी जुन्याबरहुकूम केलेल्या काही मॉडेलांत रॉड फिरवायचाच नसतो. मार्टिनने 1985 पर्यंत फिरवता येणारा रॉड दिलाच नव्हता, त्याआधी पोलादी पट्टी किंवा चौकोनी नळी असायची. ऋतूप्रमाणे मान इतकी हलणाऱ्या गावात तशी गिटार घेऊ नये असं माझं स्पष्ट मत.

त्यानंतर बाराव्या फ्रेटवरची अॅक्शन. जाड ई 2.4 मिमी, बारीक ई 1.8 च्या आसपास. बोटांनी वाजवणाऱ्याला थोडी कमीही चालते.

सगळ्यात महत्त्वाचं मानेचा कोन. सरळपट्टी फ्रेटवर मधोमध ठेवून ब्रिजकडे सरकवा. टोक ब्रिजच्या वरच्या कडेला टेकलं किंवा केसभर वरून गेलं तर उत्तम. ब्रिजच्या लाकडावर खाली आदळलं तर कोन कमी पडलाय. सोबत सॅडल ब्रिजच्या वर किती आहे ते पाहा, 3 मिमी हवं. टॉपपासून तारेची उंची ब्रिजपुढे 12-13 मिमी असावी. हे तीन आकडे जुळले की गिटारचं पुढचं आयुष्य चांगलं.

ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून पाहा, जायला नको. आत आरसा-टॉर्च घालून ब्रेसची टोकं आणि ब्रिजप्लेट (ब्रिजखाली आतून लावलेली पाटी) बघा. ब्रेस आणि टॉपमध्ये उजेडाची रेघ दिसली तर सांधा सुटलाय. कमरेच्या आतल्या वळणावर बाइंडिंग लाकडापासून वेगळं झालंय का तेही नखाने चाचपा. मग प्रत्येक तारेवर पहिल्यापासून पंधराव्यापर्यंत प्रत्येक फ्रेट वाजवा. सुटी तार छान वाजते म्हणून थांबू नका.

धरमपेठ_सहातार
खूप आभार. आता पावसाळा चालू आहे. दुकानात घेतलेलं माप आणि मेमधलं माप वेगळं येईल ना?

बर्डीचा_फ्रेटवाला
येईलच. पावसाळ्यात टॉप फुगतो, ब्रिज वर येतो, अॅक्शन वाढते, आवाज जरा बसका लागतो. मेमध्ये टॉप बसतो, अॅक्शन उतरते, वरच्या फ्रेटवर तारा झणझणतात, आणि फिंगरबोर्ड आकसल्यामुळे फ्रेटची टोकं हाताला टोचतात. म्हणून ऑगस्टमध्ये 2.6 मिमी दिसली तर घाबरू नका, आणि मेमध्ये 2.0 दिसली तर हुरळू नका. मेमध्ये घेताना साउंडहोल आणि ब्रिजच्या मधला टॉप खचलेला नाही ना एवढं आडवी पट्टी ठेवून नक्की पाहा.

जवारी_ताई
इथे सॅडलचा मुद्दा राहून जातोय. जुन्या धर्तीच्या बऱ्याच गिटारींत लांब थ्रू सॅडल असतं, ब्रिजच्या दोन्ही टोकांपर्यंत कापलेल्या खाचेत, आणि ते बहुधा चिकटवलेलं असतं. आपल्या हवेत ते अडचणीचं. छोट्या खाचेत नुसतं बसवलेलं सॅडल असेल तर हाडाची दोन सॅडलं करून घेता येतात, एक उन्हाळ्याचं, एक पावसाळ्याचं. दोघांत अर्धा ते एक मिमीचा फरक पुरतो. तारा बदलताना सॅडल बदललं की ट्रस रॉडला हात लावावा लागत नाही.

हिशेब सोपा आहे: बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी कमी हवं तर सॅडल एक मिमी कमी करायचं. घासायचं ते तळाकडून, सपाट काचेवर 120 चा पॉलिशपेपर ठेवून, शेवट 400 ने. पेन्सिलीने रेघ मारून घ्या आणि रेघेच्या थोडं अलीकडेच थांबा. तळ तिरपा झाला तर खालच्या पिकअपवर दाब सारखा पडत नाही, मग लाइनवर (अॅम्पला जोडल्यावर) एखादी तार दबकी आणि एखादी मोठी ऐकू येते. एपिफोनच्या त्या जे-45 मध्ये सॅडलखाली पिकअप आहे, तेव्हा घासणं तुमच्या हातचं नसेल तर जाणकाराला द्या.

सरस_आणि_शिसव
ताई, दोन सॅडलांचं मान्य. पण थ्रू सॅडल सरसकट बाद करू नये. ब्रिजला सॅडल जास्त लांबीवर टेकतं, आणि चांगल्या कारागिराने सॅडल न चिकटवता घट्ट बसवलेलं असेल तर तेही निघतं. आधी विचारून घ्यावं, एवढंच.

आणखी एक. गिब्सनने साठीच्या दशकात स्क्रूने वर-खाली होणारं सॅडल वापरलं, त्याचेही रीइश्यू आहेत. त्याने आवाज थोडा कोरडा होतो, ब्रिजला धातूचं वजन लागतं, म्हणून जाणकार नाकं मुरडतात. पण ऋतू बदलला की दोन स्क्रू फिरवून काम होतं. जो महिन्यातून दोनदा स्टेजवर वाजवतो त्याच्यासाठी नागपुरात ही वाईट निवड नाही.

जवारी_ताई
साथीसाठी चालेल. बोटांनी वाजवणाऱ्याला त्या कोरडेपणात बारकावे हरवल्यासारखे वाटतात. धरमपेठकरांचं मुख्य काम बोटांचं आहे, म्हणून मी ते सुचवणार नाही.

धरमपेठ_सहातार
सेकंडहँड ओएम आज तपासली. पूर्ण सुरात, पंधरा मिनिटं थांबून. रिलीफ 0.20. बाराव्या फ्रेटवर जाड ई 3.2 मिमी. सॅडल ब्रिजच्या वर फक्त 2 मिमी. सरळपट्टी ब्रिजच्या वरच्या कडेच्या साधारण दीड मिमी खाली आदळते. खोलीत आर्द्रता 74. विकणारे म्हणतात पावसाळ्यामुळे आहे, सॅडल घासलं की झालं.

बर्डीचा_फ्रेटवाला
घासून होणार नाही भाऊ. 3.2 वरून 2.4 ला यायचं म्हणजे 0.8 उतरवायचे, सॅडलचे 1.6 मिमी काढायचे. उरतं 0.4. तेवढ्या सॅडलवरून तार ती अडकवणाऱ्या पिनकडे वळतच नाही, ब्रिजवर दाब राहत नाही, आवाज मरतो.

आता यातलं पावसाचं किती आणि मानेचं किती ते वेगळं काढा. ब्रिजच्या मागे टॉपवर आडवी पट्टी ठेवा. दोन्ही कडांना पट्टीखाली किती फट राहते ते फिलर गेजने मोजा. थोडा घुमट सगळ्याच गिटारींना असतो, तो मुद्दाम दिलेला असतो. दोन्हीकडे 2 मिमीच्या आत असेल तर टॉप फारसा फुगलेला नाही आणि दोष मानेच्या कोनात आहे. 4 मिमी किंवा जास्त असेल तर ओलाव्याचा वाटा मोठा, किंवा ब्रिजप्लेट-ब्रेस सुटलेत. आतून पुन्हा आरसा फिरवा.

धरमपेठ_सहातार
मोजलं. दोन्हीकडे दीड मिमीच्या आसपास. आतले ब्रेस चिकटलेले दिसले.

बर्डीचा_फ्रेटवाला
मग नेक रीसेट, म्हणजे मान काढून कोन सुधारून परत बसवणं. मान बोल्टची असेल तर काम आटोपशीर आहे: बोल्ट काढून, टाचेचं लाकूड दोन्ही बाजूंनी केसभर तासून, कोन साधून परत बसवायची. डव्हटेल (खाचेत चिकटवलेला सांधा) असेल तर पंधरावा फ्रेट काढून खाचेतून वाफ सोडतात, सांधा मोकळा करतात, मग तासणं, पच्चर, परत चिकटवणं. नायट्रो फिनिशवर वाफेने पांढरे डाग पडू शकतात. हे काम ज्याने आधी केलंय त्यालाच द्यावं.

सरस_आणि_शिसव
पुस्ती जोडतो. घ्यायचीच असेल तर आधी रीसेट करणाऱ्याकडून लेखी अंदाज घ्या, तो आणि नेण्या-आणण्याचा खर्च मागितलेल्या किमतीतून वजा करा. विकणाऱ्याला हे आकडे दाखवा, वाद घालायची गरज पडत नाही. तो खाली येत नसेल तर सोडा.

शिसवीचं कागदपत्रही विचारा. 2017 पासून शिसवीच्या सगळ्या जाती साइट्सच्या (धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आल्या होत्या. 2019 च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना सूट आहे, त्यामुळे भारतीय शिसवीच्या गिटारला आता तो त्रास नाही. ब्राझिलियन शिसव मात्र 1992 पासून सर्वांत कडक यादीत आहे आणि तिला ही सूट लागू नाही. मार्टिनने 1969-70 च्या सुमारास ब्राझिलियन सोडून आपली भारतीय शिसव धरली. तेव्हा कोणी 'ब्राझिलियन आहे' म्हणून भाव वाढवत असेल तर परवान्याचा कागद मागा, नाहीतर साधी शिसव समजूनच किंमत द्या.

लोखंडी_पूल
बाहेरगावाहून मागवत असाल तर थोडं काही सांगून ठेवतो, कारण अर्ध्या चिरा प्रवासातच पडलेल्या असतात. तारा दोन सूर उतरवायला सांगा, पूर्ण सैल नको. हेडस्टॉकखाली आणि दोन्ही बाजूंनी मानेला आधार हवा, केसमध्ये गिटार हलायला नको. ट्रकच्या गोदामात मे महिन्यात खोका किती तापतो ते आपल्याला माहीत आहे, म्हणून शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी मागवा. खोका घरी आला की लगेच फोडू नका, 24 तास बंदच राहू द्या. उघडताना व्हिडिओ काढा, सीरियल नंबर बिलावर आहे का पाहून घ्या. परदेशातून स्वतः मागवली तर कस्टम, जीएसटी, क्लिअरिंग सगळं धरून भाव काढा, आणि भारतातल्या विक्रेत्याची वॉरंटी त्यावर लागत नाही हे आधीच गृहीत धरा.

वाळ्याची_ताटी
नायट्रोचं राहिलं. हे फिनिश पातळ, टॉपला मोकळं ठेवतं, पण एकदम थंड-गरम झालं की जाळीसारखे तडे जातात. एसीतून 20 अंशांची गिटार काढून थेट 44 अंशांत नेऊ नका, केस बंद ठेवून मधल्या खोलीत तासभर राहू द्या. स्टँडच्या रबराने आणि फोमने नायट्रो वितळून चिकटतं, तिथे धुतलेलं सुती कापड गुंडाळा. मच्छरांसाठी डीट असलेलं मलम लावून गिटारला हात लावू नका, तेही फिनिश खातं. सॅनिटायझरचंही तेच. पुसायला कोरडं मऊ कापड, सिलिकॉनचं पॉलिश नको.

पॉलीयुरेथेन फिनिश असेल तर यातलं निम्मं पथ्य सुटतं. बजेटमधल्या बहुतेक गिटारींत तेच असतं आणि आपल्या गावी मला त्यात कमीपणा दिसत नाही.

धरमपेठ_सहातार
ओएम सोडतो, विकणारे किमतीवर खाली येत नाहीत. आता एपिफोन जे-45 आणि एफजी3. बोटांसाठी यातली कोणती?

जवारी_ताई
हाताने ठरवा, पण काय बघायचं ते सांगते. जे-45 ची तारेची लांबी (स्केल) साधारण 628 मिमी, एफजीची 650. छोट्या लांबीत त्याच तारा सैल लागतात, बेंड आणि बॅरे सोपे, आवाज गोल आणि लवकर विरणारा. लांब स्केलला तार ताठ, स्वर सुटा आणि धारदार. नटची (मानेच्या वरच्या टोकाला तारा बसतात ती पट्टी) रुंदीही मोजा: एपिफोनची 43 मिमी, रेड लेबलची 44. बोटं जाड असतील तर हा एक मिमी जाणवतो. गाऊन साथ करायची तर जे-45 चा मधला भाग गळ्याच्या आड येत नाही. एकट्याने बोटांनी वाजवायची, खर्ज आणि वरची सुरावट वेगळी ऐकू यायला हवी, तर मी एफजी घेईन. बाजारात यामाहाची एफएस3 सुद्धा आहे, बॉडी लहान, स्केल 634. बसून वाजवणाऱ्याने ती एकदा मांडीवर घेऊन पाहावीच.

सरस_आणि_शिसव
सहमत. दोन्हींत बॅक-साइड महोगनी, टॉप सिटका स्प्रूस, त्यामुळे फरक मुख्यतः स्केल आणि बॉडीच्या आकाराचा. दोन्ही एकाच दुकानात मिळाल्या तर एकाच गेजच्या नव्या तारा लावायला सांगा, नाहीतर तुलना तारांचीच होते.

धरमपेठ_सहातार
तारा कोणत्या लावाव्यात?

बर्डीचा_फ्रेटवाला
12-53 लाइट (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), फॉस्फर ब्राँझ. त्यांचा एकूण ताण 70-75 किलोच्या घरात जातो. 13-56 मीडियमचा त्याहून दहा किलोच्या आसपास जास्त. हलक्या ब्रेसिंगच्या टॉपवर मीडियम लावू नका, आणि पावसाळ्यात तर नकोच, फुगलेल्या टॉपवर तो ताण ब्रिजलाच उपटतो. बोटांना मऊ हवं तर 11-52. गेज बदललं की दुसऱ्या दिवशी रिलीफ परत मोजा, आणि रॉड फिरवायचा तर एका वेळी फेरीचा आठवा भागच. तार लावताना तिच्या टोकाचा गोळा ब्रिजप्लेटला टेकला पाहिजे, पिनच्या टोकावर अडकायला नको. टोकाजवळ तार थोडी वाकवून घातली की गोळा आपोआप जागेवर जातो. पिन वर सरकत असेल तर ठोकून बसवू नका, तार काढून परत घाला.